अ‍ॅडव्हान्स घ्यायचा आणि हातोडी द्यायची

मंगळवारी सकाळी माझ्या नवऱ्याने, अशोकने, चहा घेतला, बूट घातले आणि तो दारात बसला. मी हाक मारली. त्याने उत्तर दिलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की तो गेला. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही बदलापूरला एका स्वयंपाकघराच्या कामाचा अ‍ॅडव्हान्स घेतला होता आणि तिथल्या ओट्याची लादी फोडली होती.

त्या लादीबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी आमचा धंदा काय ते सांगायला हवं.

आम्ही घरं दुरुस्त करतो. बांधत नाही. ज्यांना नवं घर घेणं परवडत नाही, किंवा ज्यांचा जुन्या घरातून पाय निघत नाही, त्यांच्याकडे आम्ही जातो. ओटा, न्हाणीघर, गळणारी गच्ची, उखडलेल्या लाद्या. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तीन गावांच्या बाहेर आम्ही फारसं काम घेतलं नाही. अशोक म्हणायचा, जिथे रिक्षाने जाऊन जेवायला घरी येता येतं, तेवढंच आपलं राज्य. आमचं घर अंबरनाथच्या मोरिवलीत. मी सकाळी शाळेच्या ग्रंथालयात अर्धवेळ असायची आणि दुपारनंतर अशोकबरोबर. सिमेंटच्या गोण्यांवर बसून मी जितकी पुस्तकं वाचली तितकी ग्रंथालयातल्या खुर्चीत बसून वाचली नाहीत. कामगार मला वहिनी म्हणत, आणि मी वाचत असले की आपसात मास्तरीण.

कामाची वाटणी ठरलेली होती. मोडतोड आणि जोडणी काशिनाथ मिस्त्रीची. हा चामटोलीचा शेतकरी. भातलावणीच्या दिवसांत तो गायब होतो आणि त्या दिवसांत आम्ही कुणाचंही काम धरत नाही. माणसं, माल, भांडणं आणि हसणं अशोकचं. माझ्याकडे दोन कामं. घरातल्या बाईशी स्वयंपाकघरात जाऊन बोलायचं, आणि अ‍ॅडव्हान्स घ्यायचा.

अ‍ॅडव्हान्स मीच का घ्यायचा, तर अशोकच्या हातात पैसा थांबत नसे. वाटेत भेटणाऱ्या कुणालाही काहीतरी नड असे आणि अशोकला ती त्या माणसाच्या आधी कळत असे. म्हणून पहिल्याच वर्षी त्याने नियम केला. गिऱ्हाईक पैसे पुढे करू लागलं की तो दोन्ही हात मागे बांधून उभा राहायचा आणि मानेने माझ्याकडे दाखवायचा. "तिकडे द्या. इकडे दिलेत तर तुमची लादी येणार नाही." लोक हसत आणि माझ्या हातात देत.

या पैशाला मराठीत विसार म्हणतात, पण तो शब्द आता घराच्या व्यवहारापुरता उरला आहे. उल्हासनगरला बयाना म्हणतात. बाकी सगळे अ‍ॅडव्हान्स. शब्द कुठलाही असो, देताना माणसाचा चेहरा एकसारखाच होतो. प्रत्येकाच्या ओळखीत असा एक मेहुणा किंवा शेजारी असतोच, ज्याने पैसे दिले, ठेकेदाराने भिंत पाडली आणि नंतर फोन उचलला नाही. पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांत तो मेहुणा उभा असतो. आणि आमच्या बाजूने म्हणावं तर अ‍ॅडव्हान्सशिवाय काम सुरूच होत नाही. लादीवाला सहजासहजी उधारी देत नाही, रेतीवाला तर नाहीच, आणि फोडलेला माल, ज्याला आम्ही राबिट म्हणतो, तो उचलणारा टेम्पोवाला आधी पैसे मोजतो आणि मग फावड्याला हात लावतो. म्हणजे समोरच्याला वाटतं, पैसे घेऊन हे पळतील. आम्हाला वाटतं, माल आणून टाकल्यावर हा पलटेल. दोघंही घाबरलेले असतात. दोघंही चहा पीत असतात.

या घाबरण्यावर अशोकने एक उपाय काढला होता.

अगदी सुरुवातीला एका घरी नवऱ्याने पैसे दिले, जागा दाखवली आणि आम्ही ओटा फोडला. दोन दिवसांनी बायको गावाहून आली. ती ओरडली नाही. फुटलेल्या ओट्यासमोर बसली आणि पिशवीतले गावचे तांदूळ मांडीवर घेऊन तशीच राहिली. तिला ओटा बदलायचाच नव्हता. काम पूर्ण झालं, पैसे मिळाले, पण त्या घरी आम्हाला पुन्हा कुणी चहा दिला नाही.

त्यानंतर अशोकने एक छोटी हातोडी आणली. तिच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, म्हणजे नवख्या हातातून निसटू नये. आणि पद्धत पाडली की अ‍ॅडव्हान्स कुणीही द्यावा, पण त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पहिली लादी फोडायची ती त्या जागेत जो जास्त वेळ उभा राहतो त्याने. बहुतेक घरांत ती बाईच असते. तिने हातोडी मारली नाही, तर अ‍ॅडव्हान्स परत.

शिवमंदिराच्या रस्त्यावर हार-नारळाचं दुकान असलेले एक गृहस्थ होते. त्यांना बायकोसाठी ग्रॅनाइटचा ओटा करायचा होता. पैसे दिले. बायको हातोडी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज नको." आम्ही दुसऱ्यांदा गेलो. "आज नको." अशोकने मला खूण केली आणि मी पैसे परत दिले. गृहस्थ भडकले. "लोक अ‍ॅडव्हान्स घेऊन पळतात, तुम्ही परत करून पळताय?" पुढच्या महिन्यात त्या बाईंचाच मला फोन आला. म्हणाल्या, "ओटा बरा आहे हो माझा. मला न्हाणीघराला धड कडी लागणारं दार हवंय. पण विचारलं कुणी?" न्हाणीघराची लादी त्यांनी अशी फोडली की काशिनाथ मागे सरकला.

आता उल्हासनगरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय अशोकने मला सोडलं नसतं.

तीन नंबर कॅम्पात एका जुन्या बराकीत दोन सिंधी भावांची घरं होती. मधे एक भिंत. थोरल्या हरीशसेठचा जीन्स शिवायचा कारखाना. त्यांनी स्वयंपाकघर आणि कोठीची खोली एक करायचं काम काढलं. बयान्याची वेळ आली तेव्हा त्यांनी अर्धे पैसे माझ्या हातात ठेवले आणि कोपऱ्यातला एक गठ्ठा पायाने पुढे सरकवला.

"बाकी ये."

"ये क्या है, सेठ?"

"एक्सपोर्ट का माल है, भाभी. पहन के देखो. पैसा खर्च हो जाएगा, ये नहीं होगा."

अशोकने जीन्स उलटीसुलटी पाहिली. मागच्या खिशावर पिवळ्या दोऱ्याने एवढा मोठा मोर भरलेला. मी नको म्हणणार तेवढ्यात तो म्हणाला, "चार नग काढा. काशिनाथला कमरेत मोठी लागेल." त्या दिवसापासून आमची सगळी मंडळी मागच्या खिशावर मोर घेऊन हिंडू लागली. अंबरनाथच्या बाजारात लोक पाठमोरा माणूस बघून सांगत, हा अशोकचा.

तर हातोडी हरीशसेठच्या पत्नीच्या, भारतीभाभींच्या हातात दिली. जी भिंत पाडायची, तिच्यावर अशोकने गेरूने मोठी फुली मारून ठेवली होती. ही आमच्या धंद्याची रीत. पण शाळेत शिकलेल्या माणसाला फुली म्हणजे चूक, फुली म्हणजे इथे नको. भारतीभाभींनी ती भिंत नीट पाहिली, नमस्कार केला, वळल्या आणि फुली नसलेल्या भिंतीवर दणका दिला. ती बराकीची मधली भिंत. विटा उभ्या लावलेल्या, ओल खाऊन भुसभुशीत. एक वीट सरळ पलीकडे गेली. भांडं पडल्याचा आवाज झाला.

पलीकडे धाकट्या जावेचं, कविताभाभींचं स्वयंपाकघर. या दोघी जावा कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कशावरून, ते दोघींनाही नीट सांगता येत नसे.

भोकातून आवाज आला, "कौन है?"

भारतीभाभी हातोडी घेऊन तशाच उभ्या. "मैं हूं."

"मैं कौन?"

"तेरी जेठानी, और कौन!"

पलीकडे पडलेलं भांडं उचलल्याचा आवाज आला. मग पलीकडून, "तो दरवाजे से आती ना."

अशोक भिंतीला टेकून खाली बसला. त्याला हसू आवरेना आणि हसणं बरं दिसणार नव्हतं. हरीशसेठ धावत आले. भोक पाहिलं, फुली पाहिली, बायकोकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "भाभी, मेरा बयाना वापस करो."

"सेठ, जीन्स तर घातल्या यांनी," मी म्हणाले.

"धो के दे देना!"

दुसऱ्या दिवशी काशिनाथ वीट आणि सिमेंट घेऊन भोक बुजवायला बसला. भारतीभाभी म्हणाल्या, "आज रहने दो, आज मेहमान हैं." त्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडून आवाज आला, "आज नहीं भैया, आज मेरा उपवास है." भोक बुजवण्याचा आणि उपवासाचा काय संबंध, हे काशिनाथने मला विचारलं. मी म्हटलं, तू कोठीची भिंत घे. तोवर भोकावर एक कॅलेंडर लागलं होतं. कॅलेंडर उचलून आधी एक वाटी सिंधी कढी इकडे आली. वाटी रिकामी कशी पाठवायची, म्हणून इकडून काहीतरी तिकडे गेलं. मग फोनचा चार्जर गेला. मग पलीकडच्या नातवाचा हात आला आणि बिस्किट घेऊन गेला.

काम संपत आलं तेव्हा भारतीभाभींनी मला बाजूला घेतलं. "खिडकी बना दो. छोटी. पर कडी दोनों तरफ."

"दोन्ही बाजूंनी?"

"भरोसा नहीं ना," त्या म्हणाल्या. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून कविताभाभी, "हां, दोनों तरफ!"

त्या खिडकीचा बयाना धाकट्या मनोहरसेठनी दिला. रोख. आणि थोरल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हम कपडे में पैसा नहीं देते." ती खिडकी अजून आहे. कडी घातलेली मी एकदाच पाहिली. अशोकने मात्र त्या दिवसापासून फुली सोडली आणि भिंतीवर हातोडीचं चित्र काढायला लागला. त्याचं चित्र इतकं वाईट असे की ते पाहून एका आजींनी विचारलं होतं, हा मासा कशाला काढलाय?

आमचा धंदा असा हसत चालला, हे मी मुद्दाम सांगते आहे. घर फोडतात तेव्हा घरातली माणसं मोकळी होतात. फुटलेल्या ओट्याच्या मागून काय काय निघतं. चमचे तर प्रत्येक घरात. काशिनाथ ते धुऊन कागदात गुंडाळून देतो आणि बाई ते एकेक ओळखते. हा लग्नातला, हा शेजारणीचा, हिला मी उगाच बोलले.

आणि आता ती बदलापूरची लादी.

पेडणेकर सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. मूळच्या कोकणातल्या. बाई उंच, दारातून आत येताना मान झुकवायची सवय असलेल्या. त्यांचा ओटा होता सासूबाईंच्या मापाचा आणि सासूबाई ठेंगण्या होत्या. सिस्टर नवी नवरी म्हणून त्या ओट्यासमोर वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. दिवसभर इस्पितळात खाटांवर वाकायचं, घरी येऊन ओट्यावर. आता सासूबाई नव्हत्या, नोकरी नव्हती, पाठीला पट्टा होता.

मी अशा वेळी बाईंना पोळी लाटायला सांगते. टेप काढली की माणूस ताठ उभं राहतं आणि माप खोटं येतं. पोळी लाटताना बघितलं की खांदे कुठे चढतात, कोपर कुठे येतं, सगळं कळतं. सिस्टर पोळी लाटत होत्या आणि मी बघत होते.

"किती वाढवायचा?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ," मी म्हटलं.

"सून म्हणेल, सासूने स्वतःपुरतं बघितलं."

"तुमच्या सासूने तेच केलं ना?"

सिस्टर लाटणं ठेवून हसल्या. मग आत जाऊन त्यांनी पैसे आणले. अशोकने नेहमीसारखे हात मागे बांधले. त्यांनी पैसे माझ्या हातात दिले, पण लगेच सोडले नाहीत. "तुम्ही पळणार नाही ना?" त्यांनी विचारलं. आतापर्यंत हे सगळ्यांच्या डोळ्यांत पाहिलं होतं, तोंडाने विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

"माझे गुडघे बघा," मी म्हटलं. "पळून कुठे जाणार?"

मग हातोडी. सिस्टरांनी चष्मा लावला. सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. ओट्यावर हात फिरवला आणि ओट्याला म्हणाल्या, "दुखणार नाही हं." आणि मारली. लादी आरपार फुटली.

"सिस्टर," अशोक म्हणाला, "तुमचा हात हलका आहे असं ऐकलं होतं."

"तो पेशंटसाठी."

परतताना रिक्षात अशोक ते पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो पेशंटसाठी. तो पेशंटसाठी. हा रविवार.

अशोकच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सिस्टर पांढरी साडी नेसून आल्या होत्या. मागे बसल्या, वंदनेला हात जोडले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेल्या. कामाचं काही बोलल्या नाहीत. त्यामुळेच मला ते जास्त आठवत राहिलं. मी धंदा बंद करायचं ठरवलं होतं. ग्रंथालयाची नोकरी संपलेली होती, पण माझ्या एकटीला फार लागत नाही. काशिनाथला बदलापूरच्या नव्या टॉवरवर रोजंदारी मिळत होती. फक्त सिस्टरांचे पैसे परत करायचे राहिले होते.

मी पाकीट घेतलं. काशिनाथ बरोबर आला, मागच्या खिशावर मोर असलेली तीच जीन्स घालून. मोराचा रंग आता गेलेला.

सिस्टरांच्या ओट्यावर फुटलेल्या लादीच्या जागी त्यांनी जाड पुठ्ठा ठेवला होता आणि त्याच्या कडेने गॅस, पोळपाट, सगळं मांडलं होतं. मी पाकीट पुठ्ठ्यावर ठेवलं.

"हे काय?"

"तुमचा अ‍ॅडव्हान्स."

सिस्टरांनी पाकिटाकडे पाहिलं नाही. चहा टाकला. वाकून साखर घातली. मग म्हणाल्या, "मी पैसे कुणाला दिले होते?"

"आम्हाला."

"आम्हाला नाही. कुणाच्या हातात?"

"माझ्या."

"अशोकरावांच्या हातात मी एक रुपया दिला नव्हता. त्यांनी घेतलाच नसता. मग ते गेले म्हणून माझं काम कसं गेलं?"

मी म्हटलं, "सिस्टर, काम तो करायचा."

"लादी कोण बसवणार होतं?"

"काशिनाथ."

"ओट्याचं माप कुणी घेतलं?"

"मी."

"मग ते काय करायचे?"

  इतकी वर्षं त्याच्याबरोबर काम केलं आणि तो काय करायचा ते मला एका वाक्यात सांगता येत नव्हतं. दारात उभा असलेला काशिनाथ म्हणाला, "दादा हसवायचा आमाला."

सिस्टरांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "ते मात्र गेलं."

त्यांनी चहा गाळला. कप माझ्या हातात दिला आणि पाकीट उचलून माझ्या पिशवीत घातलं. "हे बघा. पैसे मी परत घेईनही. पण पुन्हा नवा माणूस शोधायचा, त्याला सगळं सांगायचं आणि पुन्हा घाबरत पैसे द्यायचे, ते माझ्याने होणार नाही. माझं एकदा घाबरून झालंय."

रिक्षाच्या थांब्यापर्यंत मी आणि काशिनाथ चालत गेलो. तिथे तो म्हणाला, "वयनी, टावरवर मला नंबरानं हाक मारतात."

"मग?"

"मग काय. लादी कवा आणायची ते सांगा."

मी लादी आणायला गेले. ज्या गोष्टी अशोक करायचा त्या किती आहेत ते तेव्हा कळलं, आणि सिस्टरांना देता न आलेलं उत्तर मी रस्ताभर देत राहिले. रेतीवाल्याशी घासाघीस, टेम्पोवाल्याची मनधरणी, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली की त्याला चहाला बोलावणं. सगळीकडे पहिला प्रश्न, "अशोकभाऊ कुठे?" आणि सगळीकडे मी तेच वाक्य सांगायची.  उल्हासनगरच्या लादीवाल्याने स्वतःचं स्टूल दिलं आणि म्हणाला, "मेरे पास उधार लेने आता था तो पहले एक किस्सा सुनाता था. अब आप सुनाओ, तभी उधार मिलेगा." मी त्याला सिस्टरांचा हलका हात सांगितला. तो इतका हसला की गिऱ्हाईकं वळून बघू लागली. मला उधार मिळालं. अ‍ॅडव्हान्सला हातही लावावा लागला नाही.

ओटा फोडताना मागून चमचे निघाले, एक चिमटा निघाला आणि एक पितळेची डबी. सिस्टरांनी डबी हातात घेतली आणि मटकन खुर्चीत बसल्या. "सासूबाईंची मिश्रीची डबी! मी फेकली म्हणून मला मरेपर्यंत ऐकवलं हो." डबी उघडली. वास घेतला. शिंकल्या. मग त्यांनी ती सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या. आणि आता गप्प बसा."

कडप्पा कापण्याआधी काशिनाथने विटा रचल्या, वर फळी टाकली. मी सिस्टरांना पोळी लाटायला लावली. खांदे अजून चढत होते. "वाढव," मी म्हटलं. त्याने विटांचा थर वाढवला. पुन्हा पोळी. अजून थोडं. तिसऱ्या पोळीला सिस्टरांची पाठ सरळ राहिली. त्या लाटत राहिल्या, थांबेचनात. सगळी कणीक संपवली. "मी एवढी उंच आहे," त्या म्हणाल्या, जणू कुणीतरी आत्ताच त्यांना सांगितलं.

ओटा झाला. दिवाळीला सून पुण्याहून आली तेव्हा तिला भाजी परतायला पाट लागला, असा सिस्टरांचा फोन आला. आवाजात दुःख अजिबात नव्हतं. "तिला सांगितलंय," त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर यांनाच बोलाव."

सिस्टरांच्या ओट्यानंतर तीन कामं झाली. चौथं सुरू आहे. अशोकसारखे विनोद मला जमत नाहीत, पण त्याचे जुने मला पाठ आहेत आणि गिऱ्हाईकं नवी असतात.

एक सांगायचं राहिलं. आमच्या स्वतःच्या घरातला ओटा. ठेकेदाराच्या घरचा ओटा इतका विचित्र कसा, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. अशोकने तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी स्वतः बांधला, कामांवरून उरलेल्या लाद्यांचा. एक लादी निळी, एक मोरपंखी, दोन पांढऱ्या, त्यातली एक उलटी. "यानंतर आपला नंबर," असं तो दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लागायचा. याचं मला वाईट वाटत आलं आहे, ते लपवत नाही.

गेल्या महिन्यात काशिनाथ म्हणाला, "वयनी, आता आपल्या घरचा करू. मजुरी नको मला."

मी म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत. मी आतून पैसे आणले आणि त्याच्या हातात दिले. त्याने आयुष्यात कधी अ‍ॅडव्हान्स हातात घेतला नव्हता, तो लाजून इकडेतिकडे बघू लागला. आणि मी, काशिनाथला इतकी वर्षं ओळखणारी मी, नोटा लगेच सोडल्या नाहीत. बोटं आपोआप थांबली. मला सिस्टर आठवल्या आणि हसू आलं. काशिनाथही हसला. "पळत नाय वयनी, भात कापायचंय मला."

मग त्याने हातोडी दिली. सायकलच्या ट्यूबवर अशोकच्या बोटांचे खळगे पडलेले आहेत, माझी बोटं त्यांत बसत नाहीत. मी ओट्यासमोर उभी राहिले. मग हातोडी ठेवली आणि कणकेचा गोळा घेतला. पोळी लाटली. काशिनाथ बघत होता, जसं मी बघते तसं.

"खांदे?" मी विचारलं.

"खाली हायत."

"पाठ?"

"सरल हाय, वयनी."

हा ओटा बांधताना अशोकने कधी माझं माप घेतलं होतं, मला आठवत नाही. टेप लावलेली तर नाहीच.

मी हातोडी मारली नाही. काशिनाथने पैसे परत केले.

सोमवारपासून मोरिवलीतच एका घरी न्हाणीघराचं काम आहे. पहिली लादी तिथल्या आजी फोडणार आहेत. हातोडी माझ्या पिशवीत आहे, पुस्तकाशेजारी. ओटा आहे तिथे आहे.